तुमचं संशोधन बातमीत जाण्याआधी: प्राध्यापक आणि संशोधकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

विद्यापीठातल्या संशोधनाची बातमी चुकीची छापून आली की खापर हमखास बातमीदारावर फुटतं. 'आम्ही असं म्हणालोच नव्हतो', 'मथळा बघा काय दिलाय'. संशोधनावरच्या प्रेस नोट लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यातून माझं ठाम मत झालं आहे की बातमी बिघडते ती बऱ्याचदा बातमीदाराच्या हातात पडण्याआधीच, आपल्याच टेबलावर.

हे नुसतं माझं मत नाही. ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ साली आरोग्यविषयक संशोधनावर काढलेल्या ४६२ प्रेस नोट कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने तपासल्या गेल्या. प्रत्येक नोट एकीकडे मूळ शोधनिबंधाशी आणि दुसरीकडे त्यावर आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलमध्ये निष्कर्ष आले. ४० टक्के नोटमध्ये वाचकांना दिलेला सल्ला निबंधात होता त्यापेक्षा ताणलेला होता, ३३ टक्क्यांत 'यामुळे हे होतं' असा दावा फुगवलेला होता. नोटमध्ये असा दावा फुगवलेला असेल तर ८१ टक्के बातम्यांतही तो फुगलेला. नोट सरळ असेल तर फक्त १८ टक्के बातम्यांत. आणि फुगवल्यामुळे जास्त बातम्या लागल्या, असंही काही आढळलं नाही.

म्हणून या लेखातला मोठा भाग बातमीदाराचा फोन येण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

१. बोलायची वेळ ठरवा

शोधनिबंध स्वीकारल्याचं कळलं की त्याच दिवशी विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाला कळवा. नेमकं हेच राहून जातं. निबंध ऑनलाइन येतो, अभिनंदनाचे मेसेज येतात, आठवडा जातो आणि मग विभागाला मेल येतो, 'यावर काही बातमी करता येईल का?' तोवर ती शिळी झालेली असते. स्वीकृती आणि प्रकाशन यांच्यामधले दिवस हेच नोट लिहिण्याचे, सहलेखकांची संमती घेण्याचे, चांगली छायाचित्रं जमवण्याचे असतात.

स्वीकृतीच्या आधी मात्र घाई नको. २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की त्यांच्या प्रयोगशाळेत साध्या तापमानाला अणुसंमीलन, म्हणजे सूर्यात घडतं तशी अणुकेंद्रं जुळण्याची क्रिया, झालं आहे. शोधनिबंध तेव्हा प्रसिद्धही झाला नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळा तपशिलासाठी वर्तमानपत्रं आणि टीव्ही चाळत बसल्या, अनेकांना तो निकाल पुन्हा मिळेना, आणि काही महिन्यांत दावा कोसळला. हा दावा करणाऱ्या फ्लाइशमन आणि पॉन्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांची नावं आज त्या परिषदेमुळेच लोकांना माहीत आहेत.

याच्या उलट लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं उदाहरण. गुरुत्वीय लहरींचा संकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाला, घोषणा झाली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधले पाच महिने तपासण्यात गेले. बाहेर अफवा फिरत होत्या, पण चमू बोलला नाही. घोषणेच्या दिवशीच परीक्षणातून गेलेला निबंध वाचायला उपलब्ध होता, आणि संकेताचं ऐकू येईल अशा आवाजात केलेलं रूपांतरही तयार होतं. त्या दिवशी रेडिओवाल्यांना वाजवायला काहीतरी मिळालं ते त्यामुळे.

प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेला निबंध, टाकला असेल आणि बातमीदाराने विचारलं तर उत्तर द्या, पण 'याचं परीक्षण अजून झालेलं नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा. स्वतःहून प्रीप्रिंटची नोट काढू नका. मेडआर्काइव्ह या वैद्यकीय प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरही सूचना असते की हे निष्कर्ष माध्यमांनी प्रस्थापित माहिती म्हणून देऊ नयेत. काही जर्नलं तर आधी माध्यमांत गाजलेला निबंध छापायला तयार नसतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ साली हा दंडक घातला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या जर्नलचं धोरण काय आहे, ते आधी वाचून घ्या.

आणखी दोन तपासण्या, दोन्ही महत्त्वाच्या. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत जाहीर बोलू नका. बातमीतून शोध उघड झाला तर अनेक देशांत पेटंटचा हक्कच जातो. आणि अभ्यास एखाद्या रुग्णगटावर, वस्तीवर किंवा समाजावर असेल तर त्या लोकांना निष्कर्ष आधी कळले पाहिजेत. स्वतःबद्दलची गोष्ट त्यांनी टीव्हीवर पहिल्यांदा ऐकावी, हे बरोबर नाही.

२. एक वाक्य लिहा, मर्यादेसकट

हे सगळ्यांत अवघड काम आहे आणि याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. बातमीदार तुम्हाला विचारणारच: 'सर, एका वाक्यात सांगा, काय सापडलं?' तयारी नसेल तर तोंडून जे निघतं ते एकतर पाच उपवाक्यांचं असतं किंवा निबंधात आहे त्यापेक्षा मोठं.

एक कल्पित अभ्यास घेऊ. समजा, तुम्ही रात्रपाळीच्या परिचारिकांचा अभ्यास केला. ज्या परिचारिका पाळीत मध्ये वीस मिनिटं डुलकी घेत होत्या, त्यांच्या औषधनोंदींत चुका कमी आढळल्या. डुलकी घ्यायची की नाही, हे त्यांचं त्या ठरवत होत्या. तुम्ही गट पाडून दिले नव्हते. आता पहिलं वाक्य जे सुचतं ते असं: 'वीस मिनिटांच्या डुलकीने परिचारिकांच्या चुका कमी होतात.' सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि निबंध हे म्हणत नाही. ज्या वॉर्डात रुग्ण कमी, तिथे डुलकी घ्यायला सवडही मिळते आणि नोंदी नीट करायलाही. चुका कमी होण्याचं कारण डुलकी आहे की कमी काम, हे या अभ्यासातून कळत नाही.

मग वाक्य असं करा: 'रात्रपाळीत थोडी झोप घेणाऱ्या परिचारिकांच्या औषधनोंदींत चुका कमी दिसल्या, झोपेमुळेच तसं झालं का, हे मात्र या अभ्यासातून सांगता येत नाही.' मर्यादा वाक्याच्या आतच बसवली आहे. ती नोटच्या शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर उपसंपादक जागेअभावी कापतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. बातमी खालूनच कापतात.

'मुळे', 'ने', 'होतं' आणि 'दिसलं', 'आढळलं', 'संबंध आहे' यांच्यातलं अंतर पाळा. उंदरांवरचा प्रयोग असेल तर 'उंदरांत' हा शब्द पहिल्या वाक्यात आणि मथळ्यात, दोन्हीकडे असू द्या. बातम्यांत हा शब्द इतक्या वेळा गळतो की २०१९ मध्ये जेम्स हेदर्स या संशोधकाने अशा बातम्यांवर केवळ 'उंदरांत' असं लिहिणारं ट्विटर खातं उघडलं, आणि ते लगेच गाजलं.

वाक्य झालं की विषयाबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, 'यातून तुम्ही उद्या काय वेगळं कराल?' त्यांनी तुमच्या निबंधात नसलेला सल्ला सांगितला, तर वाक्य पुन्हा लिहा.

३. प्रेस नोट

नोट एका पानाची. मथळा, तारीख, पहिला परिच्छेद म्हणजे वरचं वाक्य आणि त्याला जोडून आणखी एक-दोन. पुढे अभ्यास कसा केला: किती जण, किती काळ, कशाशी तुलना. मग महत्त्व कशात आहे. मग संशोधकाचा एक कोट. शेवटी निबंधाचं नाव, जर्नल, डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), निधी कुणी दिला, आणि कुणाचा आर्थिक संबंध असेल तर तोही. निधीची ओळ लपवू नका. ती बातमीदाराला स्वतःला शोधावी लागली, तर तीच बातमी होते.

पहिला मसुदा जनसंपर्क विभाग लिहितो, पण मथळ्यासकट शेवटचा मसुदा तुम्ही वाचल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. 'क्रांतिकारी', 'जगात प्रथमच', 'चमत्कार' हे शब्द निबंधात नसतील तर नोटमध्येही काटा. विभाग म्हणेल की याशिवाय कुणी उचलणार नाही. त्यांना कार्डिफचे आकडे दाखवा.

कोटाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तिथे जीव ओतला तर फार उपयोग होतो. बहुतेक नोटमध्ये कोट असतो: 'या संशोधनामुळे नवी दालनं खुली होतील, याचा आम्हाला आनंद आहे.' हे कुणी छापत नाही आणि छापलं तरी कुणी वाचत नाही. कोटात असं काहीतरी हवं जे फक्त तुम्हीच सांगू शकता: काय अपेक्षित होतं आणि काय निघालं, कोणता निकाल पाहून तुम्ही यंत्र बिघडलं असं समजलात, कुठल्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही. परिचारिकांच्या अभ्यासात असा कोट चालेल: 'आम्हाला वाटलं होतं की पहाटेच्या तासांत फरक दिसेल; तो दिसला मध्यरात्रीनंतर लगेच, आणि का, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.' उपसंपादक हे कापत नाही. आणि यात प्रामाणिकपणाही आहे.

प्रत्यक्ष काम ज्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने केलं, तिचं नाव नोटमध्ये घाला, आणि तिची तयारी असेल तर फोनवर तिलाच बोलू द्या. विभागप्रमुखांचं नाव पुढे आणि काम करणाऱ्यांचं गायब, असं सर्रास होतं. ते अन्यायाचं तर आहेच, शिवाय तपशील विचारले की प्रमुखांना सांगता येत नाहीत.

४. आकडे माणसाला कळतील असे द्या

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला: काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बातम्यांत 'दुप्पट' हाच शब्द गाजला. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांमागे एकीला असलेला धोका ७,००० मागे दोघींना इतका झाला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. 'दुप्पट' चुकीचं नव्हतं. ते अर्धंच सांगितलं होतं.

म्हणून नियम करा: टक्केवारी किंवा 'पट' दिला की शेजारी मूळ आकडा द्या. 'चुका निम्म्यावर' असं लिहायचं असेल तर 'शंभर नोंदींमागे चारऐवजी दोन' हेही त्याच वाक्यात. एका नोटमध्ये तीनपेक्षा जास्त आकडे नकोत. 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' हा शब्दप्रयोग तर टाळाच; वाचक त्याचा अर्थ 'मोठा फरक' असा घेतो.

५. एम्बार्गो

एम्बार्गो म्हणजे बातमीदारांना मजकूर आधी मिळतो, पण ठरलेल्या वेळेपर्यंत छापायचा नाही असा करार. 'नेचर'चा एम्बार्गो साधारणतः बुधवारी लंडनच्या वेळेनुसार दुपारी चारला उठतो, 'सायन्स'चा गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी दोनला. नोटच्या डोक्यावर तारीख, वेळ आणि कुठली वेळ, तिन्ही स्पष्ट लिहा. सहलेखकांनाही सांगा, कारण एम्बार्गो बऱ्याचदा एखाद्या सहलेखकाच्या उत्साही पोस्टमुळे मोडतो. १९९६ पासून चालणाऱ्या 'युरेकअलर्ट'सारख्या सेवांवर नोट एम्बार्गोसह चढवता येते. पण ओळखीच्या चार विज्ञान-बातमीदारांना स्वतंत्र, नावानिशी पाठवलेला मेल त्याहून जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे.

नोट गेल्यावर दोन दिवस गावी जाऊ नका, विमानात बसू नका, फोन बंद ठेवू नका.

६. बातमीदाराचा फोन

पहिलं उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारा: कुठल्या माध्यमासाठी, बातमी नेमकी कशावर, डेडलाइन कधी, आणि आणखी कुणाशी बोलताय. यात उद्धटपणा नाही, बातमीदारांना याची सवय असते. गडबडीत असाल तर 'वीस मिनिटांनी मी तुम्हाला फोन करते' म्हणा आणि खरोखर करा. डेडलाइन संध्याकाळी सहाची असेल तर आठ वाजता दिलेलं उत्कृष्ट उत्तर वाया जातं.

तुम्ही जे बोलाल ते छापलं जाणार, असं धरूनच बोला. 'ऑफ द रेकॉर्ड' हे बोलण्याच्या आधी दोघांनी मान्य करायचं असतं. बोलून झाल्यावर 'हे छापू नका हं' म्हणण्याला अर्थ नाही.

संभाषण अवघड होतं ते साधारण असं:

'मॅडम, म्हणजे हॉस्पिटलांनी डुलकी सक्तीची करावी, असं तुमचं म्हणणं आहे?'

'नाही, तसं मी म्हणणार नाही. आमच्या अभ्यासात एवढंच दिसलं की झोप घेणाऱ्यांच्या चुका कमी होत्या. सक्ती करायची तर आधी गट पाडून चाचणी करावी लागेल.'

'पण तुमचं वैयक्तिक मत?'

'परिचारिकांना विश्रांतीला वेळ आणि जागा मिळावी असं मला वाटतं. पण ते माझं मत आहे, या अभ्यासाचा निष्कर्ष नाही.'

वैयक्तिक मत सांगायला बंदी नाही. पण ते कुठे संपतं आणि अभ्यास कुठे सुरू होतो, हे प्रत्येक वेळी बोलून दाखवा. प्रश्नातला चुकीचा शब्द नाकारताना तो स्वतःच्या तोंडून पुन्हा उच्चारू नका. 'सक्तीची डुलकी हवी असं मी म्हटलंच नाही' यातले पहिले तीन शब्द वेगळे काढून मथळा होऊ शकतो.

माहीत नसेल तर 'हे माझ्या विषयात येत नाही, अमुक व्यक्तीला विचारा' म्हणा आणि नाव सुचवा. बातमीदार असे लोक लक्षात ठेवतात.

छापण्याआधी बातमी दाखवा, असा आग्रह धरू नका. बहुतेक ठिकाणी ते चालत नाही आणि संपादकीय स्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. त्याऐवजी म्हणा, 'आकडे आणि माझे कोट एकदा वाचून दाखवाल का?' याला होकार मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

काळजी घेऊनही बातमी वेगळीच लागते, हेही खरं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ओपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. त्यांनी निकाल मांडताना इतरांनीच चूक शोधावी अशी विनंती केली होती; मथळे मात्र आइन्स्टाइन चुकला म्हणून झळकले. पुढे सैल बसलेली एक प्रकाशतंतूची जोडणी सापडली. ज्या निकालावर तुमचाच विश्वास बसत नाही, तो मांडायलाच पत्रकारांना बोलवावं का, हा प्रश्न त्या प्रसंगापासून मला फार महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर आहे: नको, आधी विषयातल्या लोकांसमोर ठेवा.

७. कॅमेरा आणि रेडिओ

बाइट, म्हणजे बातमीत वापरलेला तुमच्या बोलण्याचा तुकडा, दहा-वीस सेकंदांचा असतो, त्यामुळे ते एक वाक्य इथे पुन्हा कामी येतं. वाक्य पूर्ण बोला, कारण प्रश्न बऱ्याचदा कापला जातो. 'हो, अगदी' या उत्तराचा उपयोग नाही. घरून बोलत असाल तर दाराला आतून कडी लावा. २०१७ च्या मार्चमध्ये प्रा. रॉबर्ट केली बीबीसीवर दक्षिण कोरियाच्या राजकारणावर बोलत असताना त्यांची दोन मुलं खोलीत शिरली. ते दृश्य जगाला आठवतं, विश्लेषण नाही.

८. दुसऱ्याच्या संशोधनावर प्रतिक्रिया

स्वतःच्या निबंधापेक्षा ही संधी जास्त वेळा येते. निबंध पूर्ण वाचल्याशिवाय बोलू नका. एम्बार्गो असेल तर बातमीदार प्रत पाठवू शकतो. लेखक तुमचे सहकारी, जुने विद्यार्थी किंवा स्पर्धक असतील तर ते सांगा. २००२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं सायन्स मीडिया सेंटर तज्ज्ञांच्या प्रतिक्रिया गोळा करून पत्रकारांना देतं. आता इतर काही देशांतही अशी केंद्रं आहेत. तुमच्या देशात असेल तर नाव नोंदवा. स्वतःच लिहायचं असेल तर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या 'द कॉन्व्हर्सेशन'सारखी व्यासपीठं आहेत: प्राध्यापक लिहितात, व्यावसायिक संपादक संस्कार करतात आणि लेखकाच्या संमतीनंतरच लेख प्रसिद्ध होतो.

९. बातमी लागल्यानंतर

आधी बातमी शांतपणे पूर्ण वाचा. मथळा आवडला नाही आणि तथ्य चुकलं, या वेगळ्या गोष्टी आहेत. मथळा बातमीदार देत नाही, डेस्क म्हणजे उपसंपादकांचा विभाग देतो. तथ्य चुकलं असेल तर त्याच दिवशी थेट बातमीदाराला लिहा: कुठलं वाक्य, काय चूक, योग्य वाक्य कोणतं. कुलगुरूंकडून किंवा मालकांकडून दबाव आणू नका. ऑनलाइन आवृत्तीत दुरुस्ती लवकर होते.

कात्रणं आणि दुवे जपून ठेवा. निधीच्या अहवालात ते लागतात, आणि माध्यमांतल्या उल्लेखाचा विद्वत्तेच्या जगातही परिणाम होतो. 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये बातमी आलेल्या वैद्यकीय निबंधांना पहिल्या वर्षी इतर निबंधांतून सुमारे ७३ टक्के जास्त संदर्भ (सायटेशन) मिळाले, असं १९९१ च्या एका अभ्यासात दिसलं. निबंध मुळातच चांगले असतील, अशी शंका येईल. पण १९७८ मध्ये संपामुळे ते वर्तमानपत्र बारा आठवडे वाचकांपर्यंत पोचलं नव्हतं. त्या काळात ज्या निबंधांवर बातम्या लिहिल्या गेल्या पण छापून वाटल्या गेल्या नाहीत, त्यांना असा फायदा झाला नाही.

विषय वादाचा असेल तर शिवीगाळ येऊ शकते, आणि ती तरुण संशोधकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला जास्त येते. कोण उत्तर देणार, धमकीची तक्रार कुठे करायची, हे विद्यापीठाशी आधीच ठरवून ठेवा. विद्यार्थिनीला पुढे करून नंतर एकटं सोडू नका.

पुढे कधी निबंधात दुरुस्ती करावी लागली किंवा तो मागे घ्यावा लागला, तर ज्या बातमीदारांना पहिली नोट गेली होती त्याच यादीला दुसरी नोट पाठवा, त्याच नमुन्यात, त्याच फोन क्रमांकासह. आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जुन्या नोटच्या डोक्यावर दुरुस्तीची तारीख घाला.